नवी चूल रोज पेटते का?

शालन ओव्हाळ यांच्या खांद्यावरची कापडी पिशवी एकदा उघडून बघायला हवी. तिच्यात एक ताणकाटा असे, म्हणजे ज्याच्या आकड्याला सरपणाची मोळी अडकवली की वजन कळतं तो. शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, कंपनीनं दिलेला मोबाइल, पाण्याची बाटली आणि जुन्या रुमालात बांधलेली खडीसाखर. एवढ्याच सामानावर ही एकसष्ट वर्षांची बाई पुण्याच्या पूर्वेकडचा मुलूख पायाखाली घालत होती. वाघोलीच्या दगडखाणींमागच्या वस्त्या, मांजरीच्या उसाच्या कडेची घरं. तिकडची पोरंटोरं त्यांना लांबूनच ओळखायची आणि ओरडायची, "आई, चुलीवाली बाई आली!"

शालनताईंचं घरात शिरणं बघण्यासारखं असे. उंबऱ्याच्या अलीकडे त्या क्षणभर थांबायच्या. पदर नीट करायचा, घाम टिपायचा, एक श्वास घ्यायचा आणि मगच हसून आत पाऊल टाकायचं. विंगेत उभी राहिलेली नटी प्रवेशाआधी थांबते ना, अगदी तशा. ही सवय त्यांनी नवऱ्याकडून उचलली होती. सुखदेव ओव्हाळ दिवसा महापालिकेत वायरमन आणि संध्याकाळी नाटक कंपन्यांचे प्रकाशवाले. पडद्यामागून त्यांनी इतके प्रवेश पाहिले होते की नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगायचे, "ही बाई पडणार आज." आणि ती पडायची.

सुखदेवांची खासियत म्हणजे चूल. पत्र्याचा डबा कापून त्यात चाळीसचा बल्ब, वर लाल जिलेटिन, बाजूला बोटभर पंखा आणि त्याच्या वाऱ्यावर फडफडणाऱ्या केशरी रेशमाच्या पट्ट्या. पडदा वर गेला की ती चूल अशी काही ढणढणायची की पहिल्या रांगेतल्या बायका पदरानं वारा घ्यायच्या. प्रयोग संपला की सुखदेव ती चूल काखोटीला मारून घरी आणायचे आणि म्हणायचे, "शालन, हिच्यावर तेवढी एक भाकरी टाकून दाखव, की मी तुला मानलं."

ते गेले त्याला तीन वर्षं झाली. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली, आणि रिक्षा चौकात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. चाळीतली जुनी मंडळी आली, विहारातली आली, दोन नाटकवाले आले आणि कोपऱ्यात बसून रडले. मग सगळे गेले. लेक पायल हैदराबादला नोकरीवर परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शालनताईंनी सवयीनं दोन कप चहाचं आधण ठेवलं. उकळी आल्यावर लक्षात आलं. त्यांनी ते पाणी मोरीत ओतलं, शेगडी पुसली आणि तिच्यावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरून टाकलं.

ते वर्तमानपत्र तिथंच राहिलं.

वाघोलीच्या सोसायटीतला चौथ्या मजल्यावरचा तो फ्लॅट सुखदेवांच्या फंडातून घेतलेला. शेजारच्या दोन्ही दारांमागे कोण राहतं हे शालनताईंना चपलांवरून माहीत होतं, चेहऱ्यांवरून नाही. सकाळचा चहा विजेच्या किटलीत, दुपारी जिथं असतील तिथली खाणावळ, संध्याकाळी दाराच्या कडीला लटकवलेला डबा, त्यातला निम्मा. रोज आठ वाजता पायलचा फोन यायचा.

"आई, जेवलीस का?"

"जेवले."

"काय करतेस?"

"बसलेय."

"बरं, काळजी घे. उद्या करते."

पोरीचं काही चुकत नव्हतं. विचारायचं ते ती विचारत होती.

म्हणूनच सकाळी पिशवी खांद्याला लावली की शालनताईंच्या पाठीचा कणा सरळ व्हायचा. त्या पिशवीनं त्यांच्यासाठी दारं उघडली होती. आणि दारं म्हणजे नुसती दारं नव्हेत. त्यांची आई गावी असताना लोकांच्या अंगणाच्या कडेला उभी राहायची, वरून टाकलेली भाकरी पदरात झेलायची. परक्याची चूल कशी दिसते हे त्या माउलीनं जन्मात पाहिलं नाही. तिची लेक महापालिकेच्या आरोग्य खात्यात लागली, तीस वर्षं घरोघर हिवतापाच्या नोंदी करत हिंडली, आणि आता निवृत्तीनंतर थेट लोकांच्या चुलीपाशी बसून मोजपट्टी लावत होती. पहिल्यांदा अशी बसली तेव्हा नोंद घ्यायची सोडून दोन मिनिटं नुसती बसूनच राहिली होती.

हे काम त्यांना दिलं होतं आमोदनं. आमोद छत्तिशीचा इंजिनिअर, कोथरूडमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं पाच माणसांचं ऑफिस. धंदा कार्बन क्रेडिटचा. ऐकायला अवघड, सांगायला सोपा. जुन्या तीन दगडांच्या चुलीला लाकूड फार लागतं, धूर फार होतो. नवी सुधारित चूल दिली की लाकूड निम्मं लागतं, म्हणजे जगाला तापवणारा तेवढा वायू हवेत जायचा वाचतो. त्या वाचलेल्या वायूचं मोजमाप करायचं, आणि दर टनामागे एक दाखला मिळवायचा. लांबच्या मुलखातली एखादी कंपनी तो दाखला विकत घेते आणि आपल्या चिमणीतून निघालेल्या तेवढ्या वायूसमोर मांडते. जगाचा ताप त्यानं थोडा तरी उतरावा अशी अपेक्षा.

आता गंमत बघा. इथं वजन करायचं ते न निघालेल्या धुराचं. जे झालंच नाही त्याची मोजदाद! अशा व्यवहारात सगळा जीव एकाच गोष्टीत असतो: नवी चूल खरोखर वापरली जाते का? ती वापरात असेल तर दाखला खरा. नसेल, तर लाल जिलेटिनखाली चाळीसचा बल्ब.

ते विचारण्यासाठी एक फॉर्म होता. मूळ इंग्रजी प्रश्नाचं आमोदनं स्वतः मराठी केलं होतं: 'सुधारित चुलीचा दैनंदिन वापर होतो का?' शालनताईंनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"आमोदसर, हे कुणाला विचारायचं? बाईला की तहसीलदाराला?"

"का? शुद्ध आहे."

"शुद्ध आहे हो. पण दैनंदिन म्हटलं की बाई आत जाऊन नवऱ्याला बोलावून आणेल."

मग त्यांनी पेन घेऊन ते खोडलं आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'नवी चूल रोज पेटते का?' आमोदनं दोनदा वाचलं आणि टाळी वाजवली. "वा! याला म्हणतात मराठी."

तो प्रश्न घेऊन शालनताई चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या साठ घरांत फिरल्या. साठातल्या अठ्ठावन्न बायका म्हणाल्या, पेटते. फोटोही काढले, आणि प्रत्येक फोटोत नवी चूल छान पेटलेली होती. ऑफिसात बाकरवडी वाटली गेली. शालनताईंच्या प्रश्नाचं एवढं कौतुक झालं की त्या दिवशी परतताना बसमध्ये त्या काचेतल्या आपल्या प्रतिबिंबाकडे बघून किंचित हसल्या. ही गोष्ट घरी कुणाला तरी सांगावी असं वाटलं, आणि मग बस वाघोलीला पोचली.

पुढच्या टप्प्यात तीन हजार चुली द्यायच्या होत्या, म्हणजे शालनताईंना निदान चार वर्षं काम. त्याआधी बाहेरच्या संस्थेचा तपासनीस येऊन सगळं पडताळून बघणार होता. तो यायला बारा दिवस उरले असताना आमोदनं त्यांना म्हटलं, "चारदोन घरं पुन्हा करून ठेवा. ताज्या नोंदी हाताशी असलेल्या बऱ्या."

त्या चारदोन घरांतलं पहिलं घर मांजरीच्या ठकूबाईचं. ठकूबाई उसाच्या फडात राबून वाळलेली, जिभेनं मात्र ओली. अंगणात गोवऱ्या थापत होती. शालनताईंना बघून हात धुतले, घाईनं ओसरीवरची नवी चूल पेटवली आणि तिच्यावर चहाचं भांडं चढवलं.

"नवी चूल रोज पेटते का, ठकूबाई?" शालनताईंनी मोबाइल काढून विचारलं.

"पेटती की! न पेटायला काय झालं? दोन्ही वक्ताला पेटती."

शालनताईंनी खूण केली.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा की."

"सारखं आमालाच इचारताय. तुमच्या घरी पेटती का चूल?"

"पेटते की," शालनताई म्हणाल्या. "रोज."

"मंग झालं तर!" ठकूबाई हसली आणि चहात साखर टाकायला वळली.

चहा झाला, निरोप झाला. शालनताई थांब्यावर आल्या, बस मिळाली, खिडकीही मिळाली. मुंढव्याच्या पुलावर बस अडकली तेव्हा त्यांना आपला आवाज पुन्हा ऐकू आला. पेटते की. रोज.

हे कोण बोललं? खोटं बोलण्याची तिथं काय गरज होती? ठकूबाई ना त्यांची साहेब, ना विहीण. 'अहो, एकटीच आहे, डबा लावलाय' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? पण ओठांवर दुसरं काही आलंच नाही. नटीला वाक्य आठवायच्या आत प्रॉम्प्टरनं ते पुढं सरकवावं, तसं ते वाक्य आतून कुणीतरी पुढं सरकवलं होतं. कुणी? बस हलेना आणि शालनताईंचं मन मागे मागे जाऊ लागलं. दुष्काळाचं साल. घरात दाणा नाही. आई चुलीवर पाण्याचं भांडं ठेवून खाली ओल्या काटक्या सारतेय. "आई, भांड्यात काय हाय?" "गप. धूर तर दिसू दे लोकांला."

घरात चूल पेटत नाही. हे वाक्य माणूस दोनच वेळा बोलतो: घरात मयत झालं तर, नाहीतर धान्याचा कण नसला तर. भरल्या घरातली कुठली बाई ते तोंडातून काढील? आणि आपण साठ बायकांसमोर मोबाइल धरून नेमकं तेच विचारत आलो. चूल नवी की जुनी, तो शब्द वाऱ्यावर गेला. त्यांनी ऐकलं एवढंच: तुझ्या घरी चूल पेटते का?

बस सुटली. शालनताईंचा थांबा आला तरी त्या उतरल्या नाहीत, पुढच्या थांब्यावरून चालत परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, न सांगता, त्या ठकूबाईच्या दारात हजर. ओसरीवरची नवी चूल गार होती. तिच्या कपाळावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली आणि डोक्यावर घासून लख्ख केलेला तांब्या. घराच्या मागून धूर येत होता.

"ठकूबाई, काल संध्याकाळी काय केलं होतं जेवायला?"

"पिठलं अन् भाकरी. का वो?"

"कशावर?"

"चुलीवर."

"कुठल्या?"

ठकूबाईनं एकदा शालनताईंकडे आणि एकदा त्या तांब्याकडे बघितलं. मग त्यांना घराच्या मागे नेलं. तिथं मातीची जुनी चूल रसरसत होती आणि तिच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी केलेली भाकरी टम्म फुगत होती.

"रागावू नका, बाई. तुमची चूल लई गुणाची हाय. च्या व्हतो, भात व्हतो. पर भाकरी शेकायची कुठं? तिला तोंडच न्हाई. तव्यावरची काढली की निखाऱ्याला उभी कराया नको? माजा मालक कच्ची भाकरी ताटातनं उडवंल."

"मग काल पेटते म्हणालात ते?"

"आता तुमी चूल पेटती का असं इचारलं!" ठकूबाईचा आवाज दबला. "सून पोटुशी हाय घरात. पेटत न्हाई असं बोलत्यात व्हय भरल्या घरात?"

"आणि फोटोत पेटलेली दिसते ती?"

"तुमी आला की पेटवतो की. पाव्हण्याच्या मानाची चूल हाय ती."

मानाची चूल! शालनताई तिथंच जुन्या चुलीसमोर टेकल्या. कुणी फसवलं नव्हतं, कुणी लबाडी केली नव्हती. साठ घरांनी त्यांचा मान राखला होता, आणि त्या मानाचे टन करून कागदावर चढवले गेले होते. ठकूबाईनं एक भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली. मोजपट्टी पिशवीतच राहिली.

दोन बस बदलून त्या कोथरूडला पोचल्या तेव्हा आमोद तपासनिसासाठी फायली लावत होता. त्यांनी सगळं सांगितलं. तो ऐकताना पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता.

"किती घरं बघितलीत अशी?"

"दोन."

"कुठली?"

"एक ठकूबाईचं. दुसरं माझं."

"तुमच्याकडे आपली चूल कुठं आहे?"

शालनताईंनी पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"शालनताई," आमोद म्हणाला, "प्रश्न तुम्ही लिहिलात. मी आपला बावळट पुस्तकी लिहिला होता, तो तुम्ही खोडलात."

"खोडला. आता माझाही खोडते."

"आणि आकडा पडला तर? पुढचा टप्पा जाणार. तो गेला की तुमचं फिरणं गेलं. हे धमकी म्हणून सांगत नाही हं, वेधशाळा सांगते तसं सांगतोय."

"कळतंय मला."

आमोद उठून खिडकीशी गेला. बाहेर कुणीतरी गाडी आडवी लावली होती आणि कुणीतरी त्याला शांतपणे, नावं न ठेवता, आयुष्यभर लक्षात राहील असं बोलत होतं. ते संपेपर्यंत आमोद उभा राहिला.

"दहा दिवस आहेत," तो पाठमोराच म्हणाला. "साठही घरं करा. फक्त मधेमधे आकडा सांगू नका मला. मी आधीच कमी झोपतो."

मग शालनताईंनी नवा प्रश्न लिहिला. 'काल काय शिजवलं? कशावर?' पेटतं की नाही हा विषयच नको. कालची भाजी सांगायला कुणाला लाज वाटत नाही.

आणि काय सांगावं त्या दहा दिवसांचं! तीस वर्षं दारोदार फिरून जे ऐकलं नव्हतं ते त्या दहा दिवसांत ऐकायला मिळालं. एकीनं अळूच्या फदफद्याची तक्रार सांगितली, एकीनं सासूला मुगाची खिचडीच कशी लागते ते साभिनय करून दाखवलं. खाणीमागच्या वस्तीतली एक तरणी पोर लाजून म्हणाली, "काल कायच न्हाई केलं. आमी दोघं वडापाव खाऊन आलो." आणि तोंडाला पदर लावून पळाली. शालनताई बोलत्या बायकांबरोबर मागच्या अंगणात जायच्या, राखेवर तळवा धरून ऊब बघायच्या, सरपणाची मोळी ताणकाट्याला लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तीच मोळी तोलायच्या. मात्र जवळजवळ प्रत्येक घरी, निघताना, ते यायचंच.

"अन् तुमी काय केलतं काल?"

"मी विचारणारी बाई आहे," त्या म्हणायच्या. "मला कुठं फॉर्म आहे?" बायका हसायच्या. शालनताई उंबऱ्याबाहेर आल्या की एकदा मागे वळून बघायच्या. हे दार पुन्हा उघडेल की नाही, कुणास ठाऊक. निम्म्या घरांत नव्या चुलीवर तांब्या होता, नाहीतर तुळशीची कुंडी, एके ठिकाणी शाळेचं दप्तर. प्रत्येक खऱ्या नोंदीगणिक त्यांच्याच पायाखालच्या फळीचा एकेक खिळा निघत होता, आणि खिळे काढणारा हात त्यांचाच होता.

साठातल्या सव्वीस चुली खरोखर वापरात निघाल्या.

तपासणीच्या दिवशी शालनताईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली. तपासनीस श्यामसुंदर नावाचे गृहस्थ होते, साठीला टेकलेले, नोकरीमुळे दिल्लीला आणि जन्मानं सोलापूरकर. चहा नको म्हणाले. समोर दोन पाकिटं होती, एकात पहिल्या फेरीच्या नोंदी आणि दुसऱ्यात नव्या. आमोदचा हात दोन्हींवर होता आणि त्यानं पहिलं पाकीट पुढं केलं. दुसरं त्याच्या तळव्याखालीच राहिलं.

श्यामसुंदरांनी चष्मा नाकावर ओढला. "साठात अठ्ठावन्न. अकरा वर्षं हे काम करतोय, असा निकाल बघितला नाही. असं काही दिसलं की मला आनंद होत नाही, घाम फुटतो. प्रश्न काय विचारला होता?"

आमोदनं वाचून दाखवला.

"मराठीत कुणी लिहिला?"

आमोदनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. भर प्रवेशात वाक्य विसरलेल्या नटाचा चेहरा सुखदेवांनी कितीदा वर्णन करून सांगितला होता! अशा वेळी ते दिवा हळूच दुसऱ्या पात्रावर सरकवायचे.

"मी लिहिला," शालनताई म्हणाल्या. "आणि तो चुकलाय. दुसऱ्या पाकिटात खरं आहे."

आमोदचा तळवा उचलला गेला. त्यानं सुटकेचा श्वास सोडला की निराशेचा, ते त्याचं त्यालाच माहीत. श्यामसुंदरांनी पान उलटलं, सव्वीस हा आकडा बघितला, नवा प्रश्न बघितला आणि त्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"पहिला चुकला हे तुमच्या ध्यानात कसं आलं?"

शालनताईंनी पिशवीचा बंद घट्ट धरला.

"एका बाईनं तोच प्रश्न मला विचारला. मी तिला खोटं सांगितलं."

श्यामसुंदरांनी मान वर केली. पुढचा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत आला होता, पण तो त्यांनी विचारला नाही. पेन उचललं आणि लिहायला घेतलं. मग मात्र ते चार दिवस घरं बघत फिरले, आणि ठकूबाईच्या मागच्या अंगणात निखाऱ्यावरची भाकरी खाऊन म्हणाले, "आमच्याकडे ज्वारीची याहून पातळ असते."

निकाल व्हायचा तसा झाला. जेवढ्या चुली खऱ्या तेवढ्याचेच दाखले. बाकीच्यांसाठी भाकरी शेकायला तोंड असलेली चूल घडवून आणा, मग बघू. पुढचा टप्पा तोवर थांबला. अहवालाची प्रत आली तेव्हा आमोदनं शालनताईंना एक पान काढून दाखवलं. सगळ्या इंग्रजी मजकुराच्या मधोमध देवनागरीत एकच ओळ होती: 'काल काय शिजवलं? कशावर?' आणि खाली इंग्रजीत शिफारस, की इथून पुढे याच शब्दांत विचारावं.

"ही ओळ राहील, ताई," आमोद म्हणाला. "आपण राहू न राहू." दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "नव्या चुली आल्या की पहिला फोन तुम्हाला. कारखानदार दिवाळी म्हणतोय. म्हणजे होळी धरून चाला."

शालनताईंनी मोबाइल परत दिला. ताणकाटा आमोदनं घेतला नाही, "असू दे तुमच्याकडे," म्हणाला.

नाटक बंद पडलं की सामान कुठं जातं? सुखदेवांच्या चुली पोटमाळ्यावर जायच्या. शालनताईंची पिशवी दारामागच्या खुंटीवर गेली. पहिला आठवडा त्या उगीच सकाळी साडी नेसून तयार होत. मग तेही थांबलं. किटलीचा चहा, कडीला लटकलेला डबा. दुपारी खालच्या मजल्यावरून कुणाच्या तरी फोडणीचा वास वर यायचा आणि शालनताई खिडकीत उभ्या राहून ओळखायच्या: लसूण, मेथी, आज लसूण नाही. चपला बदलल्या होत्या शेजारच्या दारासमोरच्या. जुनी माणसं गेली असावीत. कधी गेली ते कळलं नाही.

दोन महिने गेले. एका संध्याकाळी आठ वाजता नेहमीसारखा फोन वाजला.

"आई, जेवलीस का?"

"जे..." शालनताईंच्या ओठांवर शब्द आला आणि तिथंच थांबला. समोर शेगडी होती. वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं, कोपऱ्यावरची तारीख मात्र अजून वाचता येत होती.

"आई? आवाज येतोय ना?"

"येतोय. पायल, प्रश्न चुकतोय तुझा."

"म्हणजे?"

"असं विचारलं की माणूस हो म्हणतो. काल काय शिजवलं, असं विचार."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं कळलं. हैदराबादच्या त्या घरात कुठंतरी कुकर होता. त्याची एक शिट्टी झाली, आणि दुसरीही होऊ दिली गेली.

"काल काय शिजवलंस, आई?"

"काही नाही."

"परवा?"

"काही नाही. तुझे पप्पा गेले त्याच्या दुसऱ्या... पंधरवड्यापासून धर. काहीच नाही."

पायल रडत होती का? शालनताईंनी फोन कानाशी दाबून धरला, पण शांततेत काय आहे ते त्यांनाही ओळखता येईना. साठ घरं बोलती करणारी बाई, आता पुढचा प्रश्न कुठला ते तिला सुचत नव्हतं.

"आणि आज?" शेवटी पायलनं विचारलं. तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "आज काय करणार आहेस?"

शालनताईंनी वर्तमानपत्राचं एक टोक धरलं. कागद शेगडीला चिकटला होता. थोडा उचलला गेला, थोडा फाटला.

"आजचं अजून सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

आणि तेही खरंच होतं.